बुचाचा फ्लोट आणि बोरघाट

जुन्या गाड्यांची रॅली पाहायला आलेल्या लोकांना पितळी दिवे आणि आऱ्यांची चाके दिसतात. माझी नजर मात्र आधी गाडीखाली काय ठिबकते आहे तिकडे जाते. मुंबईहून पुणे, कोल्हापूरमार्गे गोव्याला जाणाऱ्या अशाच एका रॅलीसाठी खोपोलीला, बोरघाटाच्या पायथ्याशी, मदतपथक म्हणून थांबण्याचे काम आमच्या गॅरेजकडे होते.

या रॅलीत सर्वांत आधी पोहोचण्याला किंमत नसते. नेमून दिलेल्या वेळेला चौकीवर हजर व्हायचे असते. उशीर झाला तरी गुण कापले जातात आणि घाई केली तरीही. आमचे काम बहुतांशी उकळलेल्या रेडिएटरचे, म्हणजे मालकाला झाकण उघडण्यापासून रोखण्याचे आणि इंजिन निवल्यावर पाणी भरण्याचे.

फोर्डची मॉडेल टी मी मुद्दाम थांबवली. या गाडीला पेट्रोलचा पंप नसतो. सीटखालच्या टाकीतून पेट्रोल आपल्या वजनाने कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात, उतरते. टाकी अर्धी रिकामी असली की उभ्या चढावर ते पोहोचत नाही, म्हणून त्या काळी लोक ही गाडी रिव्हर्समध्ये घाट चढवत. ट्रक आणि एसटीच्या गर्दीत आज ते शक्य नाही, तेव्हा टाकी भरलेली आहे ना, एवढेच मला विचारायचे होते. पण कार्ब्युरेटरमधून पेट्रोलची धार लागलेली दिसली, आणि तीही तापलेल्या एक्झॉस्टच्या शेजारी.

टाकीखालची तोटी बंद केली, अग्निशामक जवळ ठेवला. मालक म्हणाले, “मिस्त्री, नीडलमध्ये कचरा असेल, कालच मुंबईत पंपावर टाकी फुल केली.” नीडल, म्हणजे पेट्रोलची वाट बंद करणारी सुई, स्वच्छ होती. बाऊल, म्हणजे कार्ब्युरेटरची पेट्रोलची वाटी, उतरवला तर बुचाचा फ्लोट तळाशी बसलेला, बोटांना चिकट लागणारा. हा फ्लोट पेट्रोलवर तरंगत वर आला की नीडल बंद होते; तो बुडाला की पेट्रोल वाहतच राहते. बूच पेट्रोल शोषू नये म्हणून त्यावर लाखेचे, म्हणजे चपड्याचे, अस्तर असते. चपडा स्पिरिटमध्ये विरघळतो, हे पॉलिश करणारा कोणताही सुतार सांगेल. आणि आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल, म्हणजे एक प्रकारचे स्पिरिटच, असते. गाडीच्या रंगावर लाखो रुपये खर्च करणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही, आणि ते विचारतही नाहीत.

सुटा फ्लोट मिळणे अशक्य होते. उरलेले अस्तर खरवडून काढले, बूच कॉम्प्रेसरच्या हवेने आणि उन्हात वास जाईपर्यंत सुकवले आणि त्यावर फेविक्विकचे दोन हात दिले. बूच हलके राहिले पाहिजे, म्हणून थर जितका पातळ तितका चांगला. मग बिजागरीची पट्टी किंचित वाकवून बाऊलमधली पातळी लावली आणि तोटी उघडी ठेवून बराच वेळ खाली कोरडा कागद धरला. ठिपका पडला नाही.

एवढ्यात ताडपत्रीखाली झाकलेली एक लांबलचक गाडी ट्रेलरवर बसून माझ्यासमोरून घाटाकडे गेली. तिच्या काचेवरही रॅलीचा क्रमांक होता. चौकीवरच्या मुलाने मॉडेल टीचे गुण उशिरासाठी कापले. त्याच्या हातातल्या यादीत ट्रेलरसाठी रकानाच नव्हता, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही. नियम लिहिणाऱ्यांनी मात्र एकदा घाट चढून पाहावा.

मालक निघण्याची घाई करत होते. गाडी ट्रेलरवर घाला, असे मी सांगू शकलो असतो आणि माझ्या शब्दावर त्यांनी ते केलेही असते. अखेर आमची व्हॅन मागे ठेवून मी गाडी सोडली, पुढच्या सीटवर बसलेल्याच्या मांडीवर अग्निशामक दिला आणि घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळाजवळ थांबून पुन्हा खाली पाहिले. गाडी खंडाळ्याला आपल्या बळावर पोहोचली. पुण्यात पितळी फ्लोट बसवून घ्या, असे मी त्यांना कागदावर लिहून दिले.

तरीही तो निर्णय मनातून जात नाही, कारण इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये फेविक्विकचा थर किती टिकतो याचा अनुभव माझ्या गाठीशी नव्हता. त्याच पद्धतीने लेप दिलेला बुचाचा तुकडा मी पंपावरच्या पेट्रोलच्या बरणीत घालून, झाकण घट्ट लावून ठेवला आहे. तो निदान एक पावसाळा तरंगत राहिल्याशिवाय हा उपाय मी दुसऱ्या कोणत्याही गाडीवर करणार नाही.