अकरा मावळे आणि सत्तर एमएम

माझ्याकडे बावीस हजार होते. दोन वर्षं पासपोर्ट फोटो, बारशी, साखरपुडे करून बाजूला काढलेले. ते कशावर जाणार हेही माझं ठरलेलं होतं. थोडे उसने घ्यायचे आणि सेकंडहँड ७०-२०० एफ २.८ लेन्स उचलायची, लांबचं जवळ आणणारी. पांढरी, दीड किलोची. ती गळ्यात असली की लग्नात मामालोक आपोआप बाजूला सरकतात, हे मी स्वतः बघितलंय.

ज्यांच्या स्टुडिओत मी शिकलो ते काका एवढंच म्हणाले, "आधी एक रात्र भाड्यानं घेऊन बघ की. मग उसने काढ."

ती रात्र लगेच आली. बेळगावात शिवजयंती तिथीनं होते, वैशाखात. त्यानिमित्तानं गल्लोगल्लीची मंडळं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर सजीव देखावे करतात आणि ही चित्ररथांची मिरवणूक संध्याकाळी सुरू होऊन पार उजाडेपर्यंत चालते. एका मंडळाचं काम मला मिळालं होतं. देखावा पावनखिंडीचा. थर्माकोलचे कडे, अकरा मावळे, मध्ये दोन्ही हातांत तलवारी घेतलेला बाजीप्रभू. हा बाजी कॉलेजात शिकणारा पोरगा. खडकामागे त्यानं पाण्याची बाटली आणि बिस्किटाचा पुडा लपवला होता, आणि रथ थांबला की एका हातातली तलवार मावळ्याकडे देऊन तो दोन बिस्किटं तोंडात टाकायचा.

नरगुंदकर भावे चौकात जागा होती तोवर मी राजा होतो. लांबून घेतलेले बाजीचे चेहरे असे आले की मीच स्क्रीनकडे बघत राहिलो. कपाळावरचा घाम, ओघळलेला लाल रंग, मागचे दिवे विरघळून गेलेले. मनात म्हटलं, काकांना काय कळतंय.

मग रथ मारुती गल्लीत शिरला.

गर्दी मागून रेटत होती आणि माझी पाठ एका दुकानाच्या शटरला टेकलेली. समोर ट्रॉली, जास्तीत जास्त दहा फुटांवर. माझा कॅमेरा कॅननचा २००डी, म्हणजे छोट्या सेन्सरचा. सेन्सर म्हणजे आत चित्र टिपणारी पट्टी, तिची रुंदी २२.३ मिलिमीटर. हिशोब शाळेतल्या त्रैराशिकाचा आहे: दहा फुटांवरून ७० एमएमला जेमतेम तीन फूट रुंदी मावते. एक मावळा आणि दुसऱ्याचं कोपर. ५० ला साडेचार फूट. अख्खी बारा फुटी ट्रॉली यायला १८ लागतं. हे मी घरी बसून कधीच मांडलं नव्हतं. लेन्स बघताना सगळे धार बघतात, बॅकग्राउंड किती उडतंय ते बघतात. आपण उभे कुठे राहणार आहोत, हे कोण मोजतंय?

तेवढ्यात मंडळाचे अध्यक्ष कानाशी ओरडले, "भावा, काय करूलास? पूर्ण रथ येऊ दे. खालच्या बॅनरसकट!"

बॅनर म्हणजे देणगीदारांची नावं. बाजीप्रभूचा घाम कितीही सुंदर आला तरी पैसे त्या बॅनरचे मिळणार होते. सॅकमधून माझी जुनी १८-५५ काढली. कॅमेऱ्याबरोबर आलेली, प्लॅस्टिकची, जिची मला लाज वाटायची. गर्दीत लेन्स बदलताना मागचं झाकण पायाखाली गेलं ते गेलंच.

आता उजेडाची बोंब. ही लेन्स १८ ला एफ ४ पर्यंत उघडते, झूम करत ५५ ला गेलात की एफ ५.६. एफचा आकडा जेवढा मोठा, तेवढा उजेड कमी. जनरेटरवर एलईडीचे पार, म्हणजे स्टेजवरचे गोल दिवे, लावलेले, ते रंग बदलत होते. मावळे हलतात म्हणून शटर १/२५० केलं तर फोटोत आडवे काळे पट्टे. पन्नास हर्ट्झच्या विजेवरचे बरेचसे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, शटरला कळतं. शेवटी १/१०० वर आलो, आयएसओ, म्हणजे कमी उजेडात फोटो उजळ करायचं सेटिंग, ६४००, आणि ट्रॅक्टरवाल्याला हात केला, "अण्णा, स्वल्प निल्लिसी!" म्हणजे जरा थांबवा. त्यानं खरंच ब्रेक मारला. मावळे हिंदकळले, बाजीच्या तोंडात बिस्कीट होतं, पण अकराही जण आणि बॅनर एका फ्रेममध्ये आले.

हुतात्मा चौक, रामदेव गल्ली, तीच कथा. दीड किलोचं पांढरं धूड सॅकमधून पाठीवर आणि काम प्लॅस्टिकची लेन्स करतेय. पहाटे मान अशी दुखत होती की चहा घ्यायला वर बघता येईना.

दोन दिवसांनी मंडळाला साठ फोटो निवडून दिले आणि मग एक काम केलं, जे खरं तर बावीस हजार साठवताना करायला हवं होतं. कॉम्प्युटरवर प्रत्येक फोटोचं फोकल लेन्थ, म्हणजे तो किती एमएमवर काढला, ते बघितलं. साठातले एक्केचाळीस १८ ते २४ मध्ये. ७०-२०० चे नऊ. मग मागच्या वर्षीची बारशी उघडली. शहापूर-वडगावची जुनी घरं, माजघरात पाळणा, भोवती वीस बायका, आणि मी दाराच्या उंबऱ्यावर. तिथंही तेच.

५० एफ १.८ तर स्वस्तात मिळाली असती, माझ्या ५.६ पेक्षा जवळजवळ दहापट उजेड घेणारी. पण माझ्या कॅमेऱ्याच्या छोट्या सेन्सरवर ती ८० सारखी बघते. माजघरात घेऊन काय करू, बाळाच्या नाकाचा फोटो? म्हणून सिग्माची १७-५० एफ २.८ शोधायला लागलो. १८ ला माझ्या जुन्या लेन्सच्या दुप्पट उजेड, ५० ला चौपट. १८ ला फरक फक्त दुपटीचा, जादू नव्हे, हे मी स्वतःला दोनदा बजावलं. पण आयएसओ ६४०० चं ३२०० होतं, फोटोतले दाणे कमी होतात आणि बॅनरवरची बारीक नावं वाचता येतात. ही लेन्स छोट्या सेन्सरचीच आहे, उद्या मोठ्या सेन्सरचा फुल फ्रेम कॅमेरा घेतला तर कोपरे काळे. उद्याचं उद्या.

निपाणीत एकजण मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यावर गेला होता, त्याची ही लेन्स विकायची होती. काकांनी जाताना बजावलं, "टॉर्च मारून बघ. आपल्याकडच्या पावसात बुरशी लागते काचेला." मी त्याच्या दुकानात लेन्स एफ २.८ वर उघडी धरून मागून मोबाइलचा टॉर्च मारला. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर उठायचं, असं ठरवलेलं. धुळीचे दोन कण होते, जाळं नव्हतं. झूमची रिंग जरा सैल, लेन्स खाली धरली की नळी आपणहून घरंगळायची. त्यावर दीड हजार कमी झाले. साडेपंधरा हजाराला सौदा पटला.

येताना लाल बसमध्ये मागच्या सीटवर बसलो. लेन्स लावून कॅमेरा उचलला. दोन्हीकडच्या खिडक्या, मधली वाट, कंडक्टर आणि त्याच्याशी सुट्ट्यावरून भांडणारी आजी, सगळं मावलं. आजीनं शटरचा आवाज ऐकून वळून बघितलं आणि भांडणात मलाही ओढलं.