जी४१ बोर्ड, डीडीआर३ रॅम आणि मोजायच्या चिप

इंटेलच्या जुन्या प्रोसेसरांच्या एलजीए ७७५ सॉकेटचे संगणक अजूनही कितीतरी दुकानांत आणि छोट्या कार्यालयांत कामाला आहेत. त्यांचा मदरबोर्ड गेला की प्रोसेसर तोच ठेवायचा आणि बाजारातून जी४१ चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डाच्या मुख्य चिपांचा संच), डीडीआर३ रॅम घेणारा बोर्ड आणायचा, ही दुरुस्तीची रुळलेली वाट आहे. जुनी डीडीआर२ रॅम या बोर्डावर बसत नाही. दोन्हींना २४० पिनाच असल्या तरी मधली खाच वेगळ्या जागी असते आणि व्होल्टेजही १.८ ऐवजी १.५ लागते. त्यामुळे बोर्डाबरोबर रॅमही घ्यावी लागते आणि खरी अडचण तिथून सुरू होते.

माझ्या आतेभावाच्या खत-बियाण्यांच्या दुकानातील संगणकाचे नेमके हेच झाले. जुन्या जी३१ बोर्डावरचे कपॅसिटर फुगले होते, पण बिले छापणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर समांतर पोर्टावर चालत असल्याने त्याला नवा संगणक नको होता. जी४१ बोर्ड बसवला, ४ जीबीची डीडीआर३ १६०० रॅम लावली. पंखा फिरू लागला, मात्र डिस्प्ले येईना. केसचा छोटा स्पीकर जोडला तेव्हा थांबून थांबून येणारी लांब बीप ऐकू आली, म्हणजे तक्रार रॅमची होती. रॅमच्या दुकानदाराने तीच पट्टी आपल्याकडच्या एच६१ बोर्डावर चालवून दाखवली, तर बोर्डवाल्याने आमच्या बोर्डावर स्वतःची २ जीबीची पट्टी लावून विंडोज सुरू करून दाखवले. दोघेही खरेच बोलत होते, आणि अशा वेळी ग्राहकाला कोणाशी भांडावे तेच कळत नाही.

याचे उत्तर पट्टीच्या एकूण क्षमतेत नसून तिच्यावरच्या प्रत्येक चिपच्या क्षमतेत आहे. ४ जीबी म्हणजे ३२ गिगाबिट. ती क्षमता २ गिगाबिटच्या १६ चिपांतून मिळते, तशीच ४ गिगाबिटच्या ८ चिपांतूनही मिळते. २ गिगाबिटच्या, ८ बिट रुंदीच्या (एका वेळी ८ बिट देणाऱ्या-घेणाऱ्या) चिपमधील जागा शोधायला १५ बिटांचा ओळ-पत्ता, १० बिटांचा स्तंभ-पत्ता आणि बँक निवडायला ३ बिट पुरतात; ४ गिगाबिटच्या चिपला ओळीसाठी सोळावा बिट लागतो. जी४१ चा मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅमशी देवाणघेवाण सांभाळणारा भाग, २ गिगाबिटपर्यंतच्या चिपांसाठी बनलेला असल्याने हा सोळावा बिट त्याच्या हिशेबातच नाही. म्हणून काही बोर्ड सुरूच होत नाहीत, तर काहींवर ४ जीबीची पट्टी निमूटपणे २ जीबी म्हणून दिसते. हा दुसरा प्रकार मला अधिक त्रासदायक वाटतो, कारण त्यात संशय उगाच विंडोजवर जातो.

हा कंट्रोलर एलजीए ७७५ वरच्या कोअर टू पिढीत प्रोसेसरमध्ये नसून बोर्डावरच्या नॉर्थब्रिजमध्ये, म्हणजे चिपसेटच्या मुख्य चिपमध्ये आहे. त्यामुळे कोअर टू ड्युओ काढून कोअर टू क्वाड बसवला तरी काही फरक पडत नाही, आणि बायोस अपडेट करूनही ही मर्यादा हटत नाही. इंटेलने २००८ च्या अखेरीस नेहालेम या प्रोसेसर-पिढीपासून कंट्रोलर प्रोसेसरमध्ये नेला, तरी पहिल्या पिढीच्या आय३, आय५ मध्ये २ गिगाबिटची मर्यादा तशीच राहिली; २०११ च्या सँडी ब्रिजने ती ओलांडली. एच६१ बोर्ड सँडी ब्रिजसाठीचा असल्याने त्यावर ती पट्टी सहज चालली. पट्टीवरच्या १६०० या आकड्याचा मात्र येथे काही दोष नाही, कारण जास्त वेगाची रॅम १०६६ किंवा ८०० वर उतरून चालते.

तेव्हा पट्टी हातात घेऊन लेबलावरची बारीक अक्षरे वाचावीत. ४ जीबीच्या पट्टीवर '२आर×८' असे छापलेले असेल तर ती दोन रँकची (चिपांच्या दोन गटांची), दोन्ही बाजूंना आठ-आठ चिप असलेली आणि जी४१ ला चालणारी असते. '१आर×८' असेल तर ती घेऊ नये. लेबल फाटलेले असेल तर चिपवरचा क्रमांक पाहावा. सॅमसंगच्या चिपवर 'के४बी२जी०८' अशी सुरुवात असेल तर ती २ गिगाबिटची आणि ८ बिट रुंदीची असते, 'के४बी४जी०८' असेल तर ४ गिगाबिटची. यातील '०८' कडेही दुर्लक्ष करू नये, कारण 'फक्त एएमडीसाठी' म्हणून स्वस्तात विकल्या जाणाऱ्या ४ जीबीच्या पट्ट्यांवरही १६ चिप असतात, पण त्या ४ बिट रुंदीच्या असतात आणि इंटेलच्या या बोर्डांवर चालत नाहीत. नुसत्या चिप मोजून पैसे देणारा येथे हमखास फसतो. जुन्या बाजारातून घेतलेली पट्टी निदान एक रात्र मेमटेस्ट या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमवर चालवावी, हे वेगळे सांगायला नको.

जी४१ वर ८ जीबी हवी असेल तर '२आर×८' च्या दोन पट्ट्या शोधाव्या लागतात, आणि त्या जुन्या मालातच मिळतात. आतेभावाला तेवढ्याची गरज नव्हती. त्याचा बिलांचा प्रोग्रॅम डॉसच्या काळातील, १६ बिटांचा आहे. ६४ बिट विंडोजवर तो सुरूच होत नाही आणि ३२ बिट विंडोजला ४ जीबीपैकी सुमारे सव्वातीन जीबीच वापरता येते. म्हणून ४ जीबीची पट्टी परत करून २ जीबीच्या दोन घेतल्या. त्यांच्यावर प्रत्येकी आठच चिप आहेत, पण त्या २ गिगाबिटच्या असल्याने बोर्ड कुरकुर करत नाही, आणि दोन्ही स्लॉट भरल्यामुळे ड्युअल चॅनेलचा, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकाच वेळी वापरल्या जाण्याचा, लाभही मिळतो.