चोर अल्टरनेटरमध्ये, फाशी गिअरबॉक्सला: ४७आरईची पुढची नोंद

जुन्या डॉज पिकअपच्या ४७आरई ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधली लॉकअपची फडफड थांबली (टॉर्क कन्व्हर्टर इंजिनाला गिअरबॉक्सशी तेलातून जोडतो; तो थेट घट्ट जोडला जाणं म्हणजे लॉकअप). पण मध्ये नवीन पार्टनेच असं नाचवलं की ही नोंद लांबणार.

गाडी मागच्या नोंदीतलीच: १९९९ ची डॉज रॅम २५००, २४ व्हॉल्व्हचं ५.९ लिटरचं कमिन्स डिझेल, ४७आरई ऑटोमॅटिक, मागे ३.५४ रेशोचा एक्सल. ओढायचा आहे ७,००० पौंडांचा ट्रॅव्हल ट्रेलर. 'ट्रान्समिशन गेलंय' या एका वाक्यावर भाव खाली आलेला. लक्षण नेहमीचंच: ताशी ४०-५० मैलांच्या दरम्यान, पाय हलका ठेवला की कन्व्हर्टर लॉक होतो, सुटतो, परत लॉक होतो. टॅकोचा (आरपीएम मीटरचा) काटा २००-३०० आरपीएम वर-खाली नाचतो. ऐकणारा म्हणतो, क्लच जळाले, बॉक्स खोला. हजारो डॉलरचं रिबिल्ड करून तीच फडफड परत आलेल्या गाड्याही बाजारात सापडतात.

आपल्यापैकी बहुतेकांना कारण ठाऊक आहे, तरी नव्यांसाठी थोडक्यात. या बॉक्सचं लॉकअप पीसीएम (गाडीचा कॉम्प्युटर) ठरवतो, आणि तो ते ठरवतो थ्रॉटलच्या सिग्नलवरून. अल्टरनेटरचे डायोड (एसीचं डीसी करणारे) थकले की डीसीमध्ये एसीची लहर मिसळते आणि ती त्या सिग्नलवर स्वार होते. पाय जागेवर असतो, पण पीसीएमला वाटतं पेडल हलतंय, आणि तो लॉकअप सोडून देतो. थ्रॉटलच्या वायरींवर अ‍ॅल्युमिनिअम फॉइल गुंडाळायचा जुना तोडगा कधीकधी चालतो तो याचमुळे. पण तो दुखणं झाकतो, बरं करत नाही, आणि विकायला काढलेल्या गाडीत फॉइल दिसलं तर समजा की आधीच्या मालकाला सगळं माहीत होतं.

सगळ्यात स्वस्त चाचणी अशी. इंजिन पूर्ण गरम करा, नाहीतर ग्रिड हीटर (इंजिनात जाणारी हवा तापवणारा) व्होल्टेज खालीवर करत राहतो. मग इंजिन बंद करून दोन्ही बॅटऱ्यांची निगेटिव्ह टोकं काढा (या गाडीत दोन आहेत, एकच काढून भागत नाही), अल्टरनेटरचं फील्डचं छोटं कनेक्शन काढून टेप लावा (म्हणजे तो वीज बनवायचा थांबतो), निगेटिव्ह परत जोडा आणि दिवे-ब्लोअर बंद ठेवून दहा-बारा मैल फिरवा. चेक इंजिन लागेल, लागू द्या. फडफड गायब झाली तर बॉक्स निर्दोष. या गाडीत ती साफ गायब झाली.

मग मीटर. एसी व्होल्टवर ठेवून अल्टरनेटरचा आउटपुट बोल्ट आणि त्याचीच बॉडी, इंजिन १,५०० आरपीएमवर, हेडलाइट आणि ब्लोअर चालू. ०.१ व्होल्टच्या खाली हवं. आलं ०.२४. इथे एक इशारा: अगदी स्वस्तातले मल्टिमीटर एसी रेंजवर शुद्ध डीसीलाही २५-३० व्होल्ट दाखवतात, आणि प्रोब उलटे केले की शून्य. तसं झालं तर मीटर बदला, किंवा एका प्रोबच्या मार्गात १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घाला. फ्ल्यूकचा चांगला मीटर असेल तर प्रश्नच नाही. या एका कामापुरता उसना मागायलाही लाजू नका.

इथवर सगळं पुस्तकी. साखळी दुकानातून 'लाइफटाइम वॉरंटी'वाला रिबिल्ट अल्टरनेटर आणला, बसवला, बेल्ट चढवला, मीटर लावला: ०.३१! जुन्यापेक्षा वाईट. फडफड आता ५५ ला पण. आगीतून फुफाट्यात. दुकानाच्या बेंचवर तो 'पास', कारण ते मशीन चार्जिंगचं डीसी व्होल्टेज आणि अँपिअर बघतं, रिपलचा (त्या एसी लहरीचा) आकडा कुठे दाखवतच नाही. बदलून दिलेला दुसरा ०.१८. रिबिल्ट म्हणजे बऱ्याचदा ब्रश, बेअरिंग आणि रंग; रेक्टिफायर (डायोडचा संच) जुनाच. म्हणून माझं मत आता पक्कं झालंय: वॉरंटी 'लाइफटाइम' असली तरी तुमचा शनिवार ते भरून देत नाहीत. मूळ डेन्सो युनिट हातात असेल तर ते टाकू नका. अल्टरनेटर-स्टार्टरचं काम करणाऱ्या जुन्या वर्कशॉपकडून त्यालाच नवा रेक्टिफायर, ब्रश आणि बेअरिंग घालून घ्या, आणि रिपल मोजून आकडा बिलावर लिहून द्यायला सांगा. कुरकुर करणारा दुकानदार असेल तर दुसरा बघा.

मूळ डेन्सो असाच परत आला तेव्हा वाचन ०.०४. लगे हात चार्जिंगची वायरही बदलली. कारखान्याची जाड वायर हार्नेसमधून पलीकडच्या फ्यूज बॉक्सकडे जाते, संवेदनशील वायरींना खेटून. आता अल्टरनेटरच्या बोल्टपासून थेट पॅसेंजर बाजूच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हपर्यंत ४ गेजची तांब्याची केबल, बॅटरीजवळ १५० अँपिअरचा फ्यूज. बॅटरीचे आणि इंजिन ब्लॉकचे अर्थिंगचे जोड सोडवून चकचकीत घासले. एका लगच्या (केबलच्या टोकाच्या) आत हिरवी पूड होती, बाहेरून टर्मिनल मात्र नव्यासारखं. बॅटरीवर ०.०२. ४५ मैलांवर काटा रंगवल्यासारखा स्थिर. एपीपीएस (पेडल किती दाबलंय ते सांगणारा सेन्सर) बदलायचा विचार होता, तो रद्द. बदलायचाच झाला तर आधी ब्रॅकेटवरच्या स्टिकरवरचं आयडल व्होल्टेज जुळवा, आणि पेडल हळूहळू दाबत व्होल्टेज सलग चढतंय का बघा. काट्याच्या मीटरवर मधली उडी लगेच दिसते.

आता वाईट बातमी. ट्रेलर लावून चढावर लॉकअपमध्येच आरपीएम हळूच १५०-२०० सरकतात. हा वेगळा आजार. वायरिंगचं सुटणं झटक्यात असतं, घसरणाऱ्या क्लचचं सरकणं तेलकट असतं. पडताळा सोपा: ओडीत (ओव्हरड्राइव्ह, म्हणजे सगळ्यात वरच्या गिअरमध्ये) लॉक असताना ब्रेक पेडलला डाव्या पायाने नुसता स्पर्श करा, लॉकअप सुटून आरपीएम टुणकन वर जायला हवेत. आणि हिशेब करा: ३.५४ एक्सल, २४५/७५आर१६ टायर, ओडीचा ०.६९ रेशो, तर ६५ मैलांना लॉकमध्ये साधारण १,७५० आरपीएम. ४.१० एक्सलला तेच २,०२५ च्या आसपास. त्याहून बरेच जास्त दिसले तर एक तर लॉक झालेलंच नाही, नाहीतर घसरतंय.

घसरण्यामागचा पहिला संशयित टीव्ही केबल (थ्रॉटलपासून गिअरबॉक्सच्या व्हॉल्व्हकडे जाणारी). ती थ्रॉटल लिव्हरबरोबर एकाच क्षणी हलायला हवी. मागे पडली तर लाइन प्रेशर (बॉक्समधल्या तेलाचा दाब) कमी राहतं आणि क्लच हळूहळू भाजतात. इथे ती ठीक निघाली. दुसरा संशयित आधीचा मालक स्वतः. व्हीपी४४ इंधन पंपाच्या कनेक्टरजवळ हार्नेसची टेप दोन इंच सोलून बघा. या गाडीत एका वायरच्या इन्सुलेशनला दोन बारीक भोकं आणि चिमट्याचा ठसा सापडला. म्हणजे कधीतरी पॉवर बॉक्स (इंजिनाची ताकद वाढवणारी डबी) लावलेला होता, विकण्याआधी काढला. कारखान्याचा एका डिस्कचा कन्व्हर्टर वाढवलेला टॉर्क फार दिवस सोसत नाही. हे भोक म्हणजे भाव पाडायचा सगळ्यात भक्कम पुरावा, फोटो काढूनच बोलणी करा.

तेलाच्या रंगावर फार जाऊ नका. या बॉक्सच्या एटीएफ+४ तेलाचा लाल रंग टिकाऊ नसतोच, काळपट-तपकिरी झालं म्हणजे बाद असं नाही. वास आणि पॅनमधला गाळ खरं बोलतो. लेव्हल मात्र गरम, इंजिन चालू आणि न्यूट्रलमध्ये बघा. पार्कमध्ये या बॉक्सचा कन्व्हर्टर भरला जात नाही, त्यामुळे वाचन खोटं येतं. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी ड्राइव्हमध्ये टाकून ती किती उशिरा धरते तेही बघून ठेवा.

पॅन उतरवायचंच आहे (ड्रेन प्लग नाही, अंघोळ ठरलेली), तर बँडही (आतले ड्रम आवळून धरणारे पट्टे): पुढचा बाहेरून, ७२ इंच-पौंडांना आवळून १ ७/८ फेरे मागे, मागचा पॅनच्या आतून, ७२ लाच आवळून ३ फेरे मागे. कूलरच्या लाइनमध्ये एक परत-वाहू न देणारा छोटा व्हॉल्व्ह असतो, तो तुंबला की ओढताना तेल तापतं. परतीच्या लाइनमधून न्यूट्रल-आयडलवर २० सेकंदांत एक क्वार्ट पडायला हवं. ते बघितल्याशिवाय कन्व्हर्टरची ऑर्डर देणार नव्हतो.

'नव्हतो' म्हणतोय, कारण लिहिता लिहिता बेत हलतोय. तीन डिस्कचा कन्व्हर्टर आणि सुधारलेली व्हॉल्व्ह बॉडी यांच्या खर्चात एनव्ही५६०० मॅन्युअल असलेली गाडी जास्त बरी का? एनव्ही४५०० या दुसऱ्या मॅन्युअलचा पाचव्या गिअरचा नट सुटतो हे सगळ्यांना पाठ आहे, आणि त्याला त्याचंच जीएल-४ तेल लागतं, त्यात खोटेपणा चालत नाही. २००१ पासूनच्या जीएम पिकअपचा ऑटोमॅटिक अ‍ॅलिसन १००० बाहेरून फिरवून बदलायच्या फिल्टरमुळे वेगळ्याच सुखाचा, पण २००४ पर्यंतच्या एलबी७ डिझेल इंजिनचे इंजेक्टर हिशेबात धरावे लागतात. फोर्डचा टॉर्कशिफ्ट बॉक्स दणकट, त्याच्या पुढचं ६.० लिटरचं डिझेल इंजिन डोकेदुखी. बॉक्स चांगला म्हणून गाडी चांगली असं कुठेच होत नाही.

तूर्त क्रम असा: शनिवारी फ्लो टेस्ट आणि पॅन. गाळात पितळी चकाकी दिसली तर बॉक्स उतरवून थेट मॅन्युअलच्या शोधात. नुसता करडा लगदा मॅग्नेटवर असेल तर तीन डिस्कचा कन्व्हर्टर आणि तेलाच्या तापमानाचा गेज, तोही कन्व्हर्टरमधून बाहेर पडणाऱ्या गरम लाइनवर, पॅनवर नाही. तिथे तेल किती झपाट्याने तापतं हे पॅनवरच्या गेजला कळेपर्यंत चढ संपलेला असतो. कुणाकडे ३.५४ च्या गाडीवरचे त्या लाइनचे चढावरचे आकडे असतील तर ट्रेलरच्या वजनासकट पाठवा.