पद्मिनी अपडेट: गरम झाली की सेल्फ फिरतो, इंजिन उठत नाही

जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीचा कार्ब (कार्ब्युरेटर) ओव्हरहॉल झाला, पेट्रोल पंपाचा डायफ्राम बदलला, टॅपेट सेट झाले. सकाळी गार इंजिन चोक ओढून अर्ध्या सेल्फवर सुरू होतं आणि आयडलिंगही छान धरतं. इथवर सगळं मागच्या अपडेटमध्ये आलंय. आता दुखणं एकच उरलंय. अर्धा तास चालवून बंद केली आणि पंधरा-वीस मिनिटांनी चावी फिरवली, की नुसता सेल्फ. तासाभराने मात्र काही झालंच नाही अशा थाटात सुरू.

पद्मिनी म्हटलं की पहिला संशय व्हेपर लॉकवर, म्हणजे उष्णतेने पेट्रोलची पाइपातच वाफ होऊन पुरवठा अडण्यावर. पंप ब्लॉकला चिकटलेला, पाइप एक्झॉस्टच्या शेजारून जाणारा, त्यामुळे संशय रास्तच आहे. पंपावर ओलं फडकं टाकायचा जुना टॅक्सीवाला उपायही इथे लागू पडत होता. पण फडकं टाकून थांबायचं म्हटलं की तेवढ्या वेळात कॉईल, कंडेन्सर, सेल्फ सगळंच निवतं. नक्की कशाने सुरू झाली ते त्यातून कळत नाही.

त्यापेक्षा सोपी चाचणी म्हणजे एअर क्लीनर काढून कार्बच्या घशात बघत थ्रॉटल हाताने ओढायचा. ॲक्सिलरेटर पंपाच्या नळीतून सणसणीत धार आली तर फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल आहे. इथे धार येत होती, म्हणजे व्हेपर लॉक नाही. उलटा प्रकारही तपासला. बंद गाडीत चेंबरमधलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये ठिबकतं आणि इंजिन फ्लड होतं. तसं असेल तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, पंप न करता, पाच-सात सेकंद सेल्फ मारला की गाडी खोकत का होईना उठते. ही उठली नाही आणि प्लगही कोरडेच निघाले.

खरा धागा सापडला तो उतारावर. गरम गाडी, सेकंड गिअर, हलका धक्का, आणि क्लच सोडताक्षणी सुरू! धक्क्याने सुरू होणारी गाडी पेट्रोलावाचून अडलेली नसते. धक्का आणि सेल्फ यात फरक एवढाच, की धक्क्याच्या वेळी सेल्फ बॅटरी ओरबाडत नसतो.

मग करंट बघितला. सुटा प्लग एचटी वायरला (प्लगकडे ठिणगी नेणारी जाड हाय-टेन्शन वायर) लावून, बॉडी ब्लॉकला टेकवून सेल्फ मारला. गार असताना ठिणगी निळी, चट्चट् आवाज करणारी. गरम असताना पिवळी, केसासारखी बारीक, मध्येच गायब. कॉईल बदलून पाहिली, फरक शून्य. डेल्कोची (डिस्ट्रिब्युटरची) टोपी उघडली तर पॉईंटची (कॉईलचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कांची) तोंडं निळी-काळी पडलेली. एका तोंडावर टोकदार उंचवटा, समोरच्यावर बरोब्बर तेवढाच खड्डा. हे चिन्ह बिघडलेल्या कंडेन्सरचं; पॉईंट उघडताना त्यांच्यात उडणारी ठिणगी शोषणं हे त्याचं काम.

आता थोडं कंडेन्सरबद्दल, कारण बाजारात सध्या जे पाकिटातून मिळतंय ते संताप आणणारं आहे. मल्टिमीटरवर नवा कंडेन्सर 0.22 मायक्रोफॅरड दाखवतो आणि आपण खूश. पण मल्टिमीटर तो मोजतो दोन-चार व्होल्टवर. पॉईंट उघडतात तेव्हा कॉईलच्या प्रायमरीत (बॅटरीकडच्या गुंडाळीत) 200-300 व्होल्टचा झटका बसतो, तोही तापलेल्या डेल्कोत. म्हणून मेगर (जास्त व्होल्टेज देऊन गळती तपासणारा मीटर) हवा. 250 व्होल्टची रेंज लावायची आणि हेअर ड्रायरने कंडेन्सर तापवत सुईकडे बघायचं. पाकिटातल्या नव्या मालाची सुई आधी थरथरली, मग सरळ शून्यावर जाऊन बसली. एकाची तर पिगटेल वायर बुडातूनच हलत होती. पुण्याच्या नाना पेठेत मिळालेला जुन्या स्टॉकचा, गंजलेल्या पत्र्याचा कंडेन्सर तापवूनही हलला नाही. तोच बसवला, पॉईंट बदलले, गॅप 0.45 मिमी. कंडेन्सर घ्यायचा तर जुना स्टॉक, आणि मेगर केल्याशिवाय बसवायचा नाही.

गरम सुरू होण्यात सुधारणा झाली, पण अर्धवटच. तीनदा चावी फिरवली तर एकदा सुरू.

मग व्होल्टेज ड्रॉप. मधली एचटी डेल्कोतून काढून ब्लॉकला अर्थ केली, म्हणजे इंजिन उठणार नाही. सेल्फ फिरत असताना बॅटरीच्या खांबांवर 9.9 व्होल्ट आणि कॉईलच्या प्लसवर 7.6. म्हणजे 2.3 व्होल्ट वाटेतच खाल्ले जातात. टप्प्याटप्प्याने मोजलं: बॅटरी ते इग्निशन स्विच 0.3, स्विचच्या आत 1.7, स्विच ते कॉईल 0.3. बॅटरी प्लसवरून कॉईलला तात्पुरती थेट वायर दिली आणि एचटी परत लावली, तर गरम इंजिन पहिल्याच फेऱ्यात उठलं.

गरमच का, याचा हिशोब मांडून बघा. कॉईलची प्रायमरी 30 अंशांना 3 ओहम. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशामागे साधारण 0.39 टक्के वाढतो, म्हणजे 75 अंशांना 3.5 ओहम. गार असताना सेल्फवर बॅटरी 10.6 देते, 2.3 वजा जाता कॉईलला 8.3 व्होल्ट, म्हणजे 2.8 ॲम्पिअर. गरम असताना झिजलेल्या बुशांमुळे (शाफ्ट ज्यात फिरतो त्या कड्या) सेल्फ जड फिरतो, कॉईलला 7.6 व्होल्ट, म्हणजे 2.2 ॲम्पिअर. ठिणगीची ताकद करंटच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणजे उरली जेमतेम साठ टक्के. त्यात कंडेन्सर गळका. प्रत्येक पार्ट सुटा तपासला तर ‘चालतंय की’ म्हणावा असाच होता.

उपाय म्हणून कॉईलला रिले (थोड्या करंटने ओढला जाऊन मोठा करंट जोडणारा स्विच) द्यायचं ठरत होतं: बॅटरीवरून थेट फीड आणि जुन्या वायरने फक्त रिले ओढायचा. पण डायग्राम काढताना एक गोम दिसली. चार्जिंगचा लाल दिवाही त्याच जोडावर आहे. इंजिन चालू असताना चावी बंद केली, तर डायनॅमोकडून दिव्यातून उलटा करंट येतो. रिलेची कॉईल 80-90 ओहमची असते, तेवढा करंट तिला धरून ठेवायला पुरतो. थोडक्यात, चावी काढली तरी गाडी बंद होणार नाही! दिव्याच्या वायरीत 1एन4007 डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा पार्ट) टाकला की ते मिटतं, पण डॅशबोर्डमागच्या जुन्या वायरिंगला हात लावायचा म्हणजे नवं दुखणं.

त्यावरून दुसरा प्रश्न पडला. स्विचमध्ये 1.7 व्होल्ट पडतात ते कुणामुळे? कॉईल तीन-चार ॲम्पिअरच्या वर जात नाही. सोलेनॉइडची (सेल्फला बॅटरी जोडणारा चुंबकी स्विच) छोटी वायर काढून, चावी सेल्फवर धरून मोजलं तर ड्रॉप 0.2. म्हणजे खादाड सोलेनॉइड आहे, आणि रिले हवा तो त्याला. कॉईलची वायरिंग जशीच्या तशी, डायोडची भानगडच नको.

जोडणी अशी: 12 व्होल्ट, 40 ॲम्पिअरचा चार पिनी रिले. 30 नंबरला बॅटरी प्लस, 4 चौरस मिमी वायर आणि 30 ॲम्पिअरचा फ्यूज. 87 सोलेनॉइडच्या छोट्या टर्मिनलला. 86 ला चावीकडून येणारी जुनी वायर, 85 अर्थ. रिले मॅनिफोल्डपासून लांब, पिना खाली तोंड करून, म्हणजे पाणी साठत नाही. स्विच ते कॉईल मधले बुलेट कनेक्टर घासून पुन्हा दाबले. अर्थची पट्टी 0.2 च्या आत आहे, तिला हात लावला नाही.

आत्ता तात्पुरत्या क्लिपांवरच जोडलंय. गरम इंजिन, सेल्फवर कॉईलला 9.5 व्होल्ट, हिशोबाने 2.7 ॲम्पिअर, म्हणजे गार असताना मिळायचा जवळजवळ तेवढाच. ठिणगी निळी. गाडी गरम असताना चावी फिरवली की उठतेय.

पक्कं वायरिंग करायच्या आधी सेल्फ उतरवून बुश बदलायचे आहेत, कारण 9.9 हा आकडाही काही भूषणावह नाही. ब्राँझचे बुश बसवण्याआधी रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवायचे. पंपाजवळच्या पाइपला हीट शील्ड लावायचा विचार होता, तो तूर्त बारगळला. इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट सुचवणाऱ्यांना एवढंच, की 7.6 व्होल्टवर तेही रुसलं असतं. आधी वायरिंग.