आमची वाटचाल: उभा काटा, बिडाच्या प्लेटा आणि तेलाचा चमचा

२००८ साली कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या एका गाळ्यात आमची व्यायामशाळा सुरू झाली. मशिनी दोनच. वजनाच्या प्लेटा मात्र शिरोलीला ओतून घेतलेल्या, अस्सल बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या. वीस किलोची प्लेट काट्यावर टाकली की वीसच भरायची. बाजारच्या प्लेटा किती भरतात हे धंद्यातल्यांना सांगायला नको. काटा दवाखान्यात असतो तसला उभा, सरकत्या वजनाचा. आजही दारातच आहे.

भागीदार होता. दोघं एकाच तालमीत घुमलेलो. आमच्याकडे व्यायाम म्हटलं की खुराक आलाच: दूध, तूप, बदामाची थंडाई. हजार बैठका मारणाऱ्या पैलवानाला ते पचतं. पुढं तालीम सुटते, तुपाची वाटी सुटत नाही, आणि पस्तिशीत शर्टाची बटणं तटतटायला लागतात. आमची पहिली गिऱ्हाइकं याच जातीची. "घाम काढा," म्हणायची. आम्ही काढायचो. काटा हलायचा नाही.

मग मी फी घेतानाच सांगायला लागलो की वजन स्वयंपाकघरात उतरतं, इथं अंग घडतं. पंच्याहत्तर किलोचा माणूस तासभर झपझप चालला तर तीनशेच्या आसपास कॅलरी जळतात. परत जाताना एक वडापाव खाल्ला की हिशोब मिटला. किलोभर चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी, आता करा गुणाकार. भागीदार चिडायचा. "दारातच सांगतोस, इथं येऊन उपयोग नाही म्हणून!" असं मी कधीही म्हणालो नाही. नुसतं खाणं तोडलं तर चरबीबरोबर मांसही जातं, ते टिकवायला लोखंड उचलावंच लागतं. उतरलेलं वजन परत चढू द्यायचं नसेल तरी हालचाल हवीच. पण दोन वाक्यं ऐकून घ्यायला त्याला सवड नव्हती.

२०१२ ला तो फुटला. आमच्याच रस्त्याला, शंभर पावलांवर, वजन उतरवायचं पावडरीचं दूध आणि घामाचे पट्टे विकायला बसला. 'आठ दिवसांत पाच किलो.' आता खरं सांगतो, तीन-चार किलो उतरतातही. भात-चपाती बंद केली की अंगातली साठवणीची साखर संपते आणि तिनं धरून ठेवलेलं तिप्पट पाणी लघवीवाटे जातं. लोक पाणी मोजतात आणि पेढे वाटतात. माझी चाळीस गिऱ्हाइकं तिकडं गेली. जाताना नमस्कारसुद्धा नाही.

त्या पडत्या काळात टिकल्या त्या खानावळवाल्या काकू. वजन ८४, गुडघे बोलणारे. मी आहाराचा तक्ता दिला, तो त्यांनी परत दिला. "पोरा, मला कागद नको, काय कमी घालू ते सांग." घरात चौघं, महिन्याला पाच लिटर तेल. माणशी दिवसाला चाळीस मिलिलिटरच्या वर, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास कॅलरी नुसत्या तेलाच्या. काकूंनी फोडणीची पळी माळ्यावर टाकली आणि चहाचा चमचा आणला. महिन्याला तीन लिटरवर आल्या. सोबत दोन वेळा मोड आलेली मटकी, दही, आणि आमच्याकडे आठवड्यातून तीन दिवस बैठका, आधी खुर्ची धरून, मग मोकळ्या, मग खांद्यावर बार. चौदा महिन्यांत ७१. गुडघ्यांची कुरकुर कधी थांबली ते त्यांनाही आठवत नाही.

पुढची वर्षं बरी गेली.

ऑगस्ट २०१९ ला पंचगंगा गाळ्यात शिरली. छातीएवढं पाणी. ओसरल्यावर शटर उचललं तर रबरी चटया फुगून भिंतीला टेकलेल्या, दोन्ही ट्रेडमिलच्या मोटारी गेलेल्या, बेअरिंगमध्ये चिखल. एका ट्रेडमिलचा हप्ता चालू होता. (नवीन काढणाऱ्यांनो, कर्ज काढून ट्रेडमिल घेऊ नका. रस्ता फुकट आहे. बार आणि प्लेटा घ्या.) बीड तेवढं वाचलं. रॉकेलचा बोळा आणि तारेचा ब्रश घेऊन एकेक प्लेट घासत बसलो. गंज नुसता वरचा होता, खाली अंक तसाच: २०. काकू रोज दुपारी डबा घेऊन यायच्या, तेल बेताचंच.

उभं राहतोय तोवर मार्च २०२० चं टाळं. दारूची दुकानं आधी उघडली, आम्हाला दसऱ्यापर्यंत थांबवलं, २५ ऑक्टोबरपर्यंत. भाडं चालूच. परत आलेल्यांना एकेक करून काट्यावर घेतलं. उपाशी राहून सात-आठ किलो उतरलेले होते, पण दंड वाळलेले, पंधरा किलोचा बार थरथरत होता. जोर मारून वर दाबून जेवलेलेही होते, ते जड झालेले. काकू ७२. घरात पाण्याचा कॅन छातीशी धरून बैठका मारल्या म्हणाल्या.

भागीदाराचं पावडरीचं दुकान त्याच वर्षी बंद झालं. मला आनंद झाला नाही असं लिहिणार नाही. फुटताना तो आमची लोखंडी तिरकी बेंच घेऊन गेला होता, निम्मे पैसे माझे. ती अजून त्याच्याकडेच आहे. पुरात भिजलेली नाही, म्हणजे चांगलीच असणार.