तुम्ही विचारलंत म्हणून : स्वतःसाठी काढलेली रेष

पुस्तकांसाठी, दिवाळी अंकांसाठी चित्रं करणारी मंडळी हा प्रश्न वारंवार विचारतात : "कामाचं चित्र वेळेवर होतं, पैसेही मिळतात. पण स्वतःसाठी काढायला बसलं की कागद कोराच राहतो. पूर्वीची मजा परत कशी येईल?"

अशा वेळी सुट्टी घ्या, कुठेतरी जाऊन या, असं सुचवलं जातं. सुट्टीने थकवा जातो, पण हे दुखणं बहुतेक वेळा थकव्याचं नसतं. टॅबलेटवर दोन बोटं टेकवली की 'अनडू' होऊन आत्ताच काढलेली रेष नाहीशी होते. चुकलेली जाते तशी चांगली आलेलीही जाते, आणि मग हात कुठल्याच रेषेशी बांधील राहत नाही. त्यातून रेष उमटण्याआधीच संपादकांना ती चालेल का, हे मनात येऊन गेलेलं असतं. खरी मजा रेष ठरवण्यात आणि ठरवलेली निभावण्यात आहे. म्हणून पुसता न येणारी, कुणाला दाखवायची नसलेली रेष रोज वीस मिनिटं काढा, असं मी सांगते. साधन सुचवते ते बोरू, म्हणजे पोकळ गवताच्या काडीची, शाईत बुडवून चालवायची लेखणी.

बोरूने एकसारखी, गुळगुळीत रेष येतच नाही. शाईत बुडवून टेकवला की सुरुवात गडद, थोडं पुढे गेलं की कोरडी, तुटक, आणि मग पुन्हा दौतीकडे. या सक्तीच्या थांबण्यात नजर कागदावरून उठते आणि समोरची वस्तू परत पाहिली जाते. ब्रशपेन अखंड चालतं, त्यामुळे पाहणं मागे पडतं.

बोरू घरी करता येतो. त्याचं गवत मिळालं तर उत्तम. नाहीतर पुण्यातल्या बुरूड आळीत पेन्सिलीच्या जाडीचा, पोकळ, वाळलेला बांबू मागा. 15-16 सेंटिमीटरचा तुकडा घ्या. धारदार कटरने टोकाला साधारण 3 सेंटिमीटरचा तिरका उतार द्या. आतला मऊ भाग खरवडून काढा. बाहेरची सालीची बाजू कठीण असते, टोक तिचंच राहू द्या. दोन्ही कडा तासत टोक 2-3 मिलिमीटर रुंदीवर आणा. मग मधोमध 8-10 मिलिमीटरची चीर द्या आणि सगळ्यात शेवटी टोक लाकडावर ठेवून एका दाबात सरळ कापा. हा क्रम उलटवला, म्हणजे आधी टोक कापून नंतर चीर दिली, तर चीर हमखास तिरकी जाते. चीर फार लांब झाली की दाब पडताच टोक फाकतं आणि डाग पडतो. चीरच नसेल तर शाई खाली नीट उतरत नाही. टोक जास्त पातळ केलं तर ते भिजून मऊ पडतं, रेष पसरट येते. तेव्हा दोन मिलिमीटर कापून नवं टोक काढा. एक बोरू असा बराच काळ पुरतो.

शाई बाटलीतली वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक घ्यावी. यातल्या बऱ्याच शाईंमध्ये लाख (शेलॅक) असते, म्हणून वाळल्यावर वरून जलरंगाचा हात दिला तरी रेष फुटत नाही. तीच लाख टोकावर थर धरते. दर चार-पाच मिनिटांनी ओल्या फडक्याने पुसायला हवं. ही शाई फाउंटन पेनात मात्र कधीच भरू नका, आत वाळली की पेन गेलं. दौतीत रेशमी चिंधीचा छोटा बोळा घाला : बोरू शाई बेताने उचलतो आणि दौत कलंडली तरी सगळी सांडत नाही. कापसाचे तंतू टोकाला चिकटतात, म्हणून रेशीम. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत शाई दाटते. वेगळ्या वाटीत थोडी काढून दोन थेंब पाणी घाला.

कागद ए5 आकाराचा, 150 ते 200 जीएसएमचा कार्ट्रिज, म्हणजे चित्रकलेचा जाडसर कागद, पुरे. मोठ्या कागदावर तो भरायचा कसा, याचीच धास्ती बसते. झेरॉक्सच्या कागदावर शाई फुटते. पुण्यात शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेकडचा कागद वापरावासा वाटला तर आधी कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहा. थेंब लगेच शोषला गेला तर सायझिंग, म्हणजे कागदाला दिलेली खळ, कमी आहे, रेषेला केसाळ कडा येणार. पावसाळ्यात चांगला कागदही दमट होऊन असाच वागतो. तो बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

आता काढायचं काय? एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेतलं स्मरणचित्र आठवतं ना? व्यवसायात आल्यावर तेच सगळ्यात आधी सुटतं, कारण हाताशी फोटो असतो. ते परत सुरू करा. पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा, अडकित्त्यांच्या कपाटासमोर उभे राहा आणि एकच अडकित्ता निवडा. पाच मिनिटं फक्त पाहा : खीळ कुठे आहे, पातं कुठून वळतं, अडकित्ता माणसाच्या किंवा प्राण्याच्या आकाराचा असेल तर त्या आकृतीचा कुठला भाग मूठ झाला आहे. वही बाहेर आल्यावरच उघडा आणि दहा मिनिटांत चित्र संपवा. आठवण जिथे अपुरी पडते तिथे हात आपल्या मनाने आकार घालतो, आणि तुमची स्वतःची रेष तिथेच दिसते. चुकलं तर त्यावर गिरवू नका, शेजारी दुसरं काढा.

माणसांसाठी मंडई. सकाळी माल उतरत असताना कुणी क्षणभरही स्थिर नसतं, ते बरंच आहे. एका आकृतीला अर्धा मिनिट. चेहरा सोडा; कुठल्या पायावर भार आहे आणि पाटी उचलताना पाठ कुठे वाकते, एवढंच पकडा.

पहिले तीन महिने यातलं एकही पान इन्स्टाग्रामवर टाकू नका. टाकलं की दुसऱ्या दिवशीची रेष पाहणाऱ्यांसाठी निघते. जुलै ते सप्टेंबर दिवाळी अंकांच्या घाईतही ही वीस मिनिटं स्क्रीन सुरू करण्याआधी काढा. रात्रीवर ढकलली की राहतात.

ही रेष हळूहळू कामात येऊ लागेल, तेव्हा 600 डीपीआयला ग्रेस्केल स्कॅन करा आणि फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरच्या 'लेव्हल्स'मध्ये कागदाचा करडेपणा घालवा. कोरड्या, तुटक कडा साफ करत बसू नका, बोरूचं वैशिष्ट्य त्यांतच आहे. आणि अशा चित्रात एक हात बदलायचा तर पुष्कळदा सगळं चित्र नव्याने काढावं लागतं, हे संपादकांना कामाआधी सांगा. बदल कच्च्या चित्रावरच, जास्तीत जास्त दोन फेऱ्या, शाई लागल्यावर बदल हवा असेल तर वेगळे पैसे, असं मेलमध्ये लिहून त्यांचा होकार घ्या.