तपकिरी पट्ट्याखालची अक्षरं

‘ताई, हे चोवीसातलं एक आहे,’ असं म्हणत मध्यस्थाने चादरीत गुंडाळलेलं चित्र माझ्या टेबलावर ठेवलं. सोबत चित्राचे मालक होते, सत्तरी ओलांडलेले काका. त्यांच्या वडिलांचं ग्रामोफोन रेकॉर्डचं दुकान होतं, ते बंद पडूनही बरीच वर्षं झाली. चादर सुटली आणि आतून निघाला कर्ण्यापुढे मान कलती करून बसलेला तोच ‘हिज मास्टर्स व्हॉइस’चा कुत्रा. आपल्याकडे ज्यांच्या घरी रेकॉर्डी होत्या त्यांना तो वेगळा सांगायला नको.

मी चित्रसंवर्धनाचं काम करते. जुनी चित्रं तपासायची, साफ करायची, उखडलेला रंग जागेवर बसवायचा. किंमत ठरवणं आणि खरेपणाचे दाखले देणं हे माझं काम नाही. हे मी सगळ्यांना सांगते आणि तरी समोरचा म्हणतोच, ‘तुमच्या लेटरहेडवर दोन ओळी लिहून द्या ना.’ आपल्या चित्रबाजारात अशा दोन ओळींच्या जोरावर काय काय खपलंय ते बघितलं की मला चीड येते.

चोवीस हा आकडा मात्र मध्यस्थाने हवेतून काढलेला नव्हता. फ्रान्सिस बॅरॉड या इंग्रज चित्रकाराने आपल्या या एका चित्राच्या स्वतःच्या हाताने 24 प्रती केल्या होत्या. त्याचा भाऊ मार्क ब्रिस्टलच्या नाटकगृहात पडदे रंगवायचा आणि निपर हा त्याचा कुत्रा. मार्क 1887 साली गेला, कुत्रा फ्रान्सिसकडे आला, आणि 1895 साली तोही मेला. चित्र त्यानंतरचं. त्यात निपरसमोर होता नळकांडी वाजवणारा फोनोग्राफ, काळ्या कर्ण्याचा. रॉयल अकादमीने ते चित्र नाकारलं, फोनोग्राफवाल्यांनीही घेतलं नाही. 1899 साली, काळ्याच्या जागी झळझळीत पितळी कर्णा रंगवावा म्हणून, बॅरॉड लंडनच्या ग्रामोफोन कंपनीत एक कर्णा उसना मागायला गेला. तिथला व्यवस्थापक ओवेन म्हणाला, यंत्रच बदला, आमचं घाला, मग चित्र विकत घेतो. बॅरॉडने फोनोग्राफ रंगाखाली गाडला आणि त्यावर तबकडीचा ग्रामोफोन काढला. 50 पौंड चित्राचे, 50 पौंड हक्काचे.

हा सौदा मला पहिल्यापासून खुपतो. फोनोग्राफवर घरच्या घरी आवाज भरता यायचा. गेलेल्या मालकाचा आवाज कुत्रा ऐकतोय, हे त्या यंत्रावर खरोखर घडू शकलं असतं. ग्रामोफोनवर घरी काही भरता येत नसे, कंपनीने विकलेलं तेवढंच वाजायचं. म्हणजे ज्या बदलामुळे चित्र विकलं गेलं, त्याच बदलाने त्याची गोष्ट मोडली. आणि जग फिरून आलं ते हे मोडलेल्या गोष्टीचं चित्र! अमेरिकेत ते व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीकडे, पुढे आरसीए कंपनीकडे गेलं, जपानमध्ये जेव्हीसी कंपनीकडे. आपल्याकडे कलकत्त्यात 1908 पासून तबकड्या दाबल्या जाऊ लागल्या, आपल्याच जंगलातल्या लाखेच्या. त्या लाखेतूनच बालगंधर्व आणि हिराबाई घराघरांत पोचले, आणि मधल्या गोल लेबलावर विलायतेतला हा कुत्रा.

आता टेबलावरच्या चित्राकडे येते. बाहेरच्यांना वाटतं आम्ही चित्र आधी समोरून बघतो. मी आधी पाठ बघते. हे चित्र मांजरपाटावर होतं, लिननवर नव्हे. खळ देऊन त्यावर सफेद्याचा हात मारलेला. कडेला गंजलेले साधे खिळे. बोर्ड रंगवणारा पेंटर कापड असंच तयार करतो. पण पाठीवर निकाल देऊ नये, कापड बदललेलं असू शकतं.

नंतर अंधार करून अतिनील दिवा लावला. इथे कुत्रा पांढरा असल्याचा मला फायदा झाला. जस्ताचा पांढरा अतिनील प्रकाशात पिवळसर हिरवा उजळतो, टायटॅनियमचा पांढरा काळपट जांभळा दिसतो. टायटॅनियम पांढरा चित्रकारांच्या हाती आला तो 1920 च्या आसपास आणि बॅरॉड वारला 1924 साली. एवढ्यावर कोणी वाद घालू शकेल, पण हा कुत्रा नाकापासून शेपटीपर्यंत काळपट जांभळा होता आणि खाली मांजरपाट होता. दोन्ही एकत्र धरल्यावर माझ्या मनात शंका उरली नाही.

मध्यस्थाला ते पटेना. त्याने कुठेतरी वाचलं होतं की मूळ चित्रावर तिरका प्रकाश टाकला की ग्रामोफोनखालचा फोनोग्राफ उठून दिसतो. हे खरं आहे. त्याने माझ्याच हातातला दिवा घेऊन कडेने धरला आणि म्हणाला, ‘बघा, खाली काहीतरी आहे. प्रत नाहीच ही, मूळच आहे!’ मूळ चित्र इंग्लंडमध्ये कंपनीकडेच राहिलं, हे मी त्याला सांगितलं. पण खाली काहीतरी होतं हे खरं. ते ग्रामोफोनखाली नव्हतं, तळाच्या तपकिरी पट्ट्यात होतं.

त्या पट्ट्याकडे माझी नजर आधीच गेली होती. मूळ चित्रात कुत्रा गुळगुळीत, चकाकत्या लाकडावर बसलाय आणि त्यात त्याचं अंधुक प्रतिबिंब पडलंय. (ती मालकाची शवपेटी असल्याची गोष्ट मोबाइलवर फिरत असते, काकांनीही विचारलं. तिला कसलाही आधार नाही, पण लोकांना चित्रापेक्षा शवपेटीच जास्त आवडते.) आमच्या चित्रात प्रतिबिंब नव्हतंच. सपाट, मंद तपकिरी रंग, त्यावर एकही तडा नाही. वरच्या सगळ्या चित्राला जाळीसारखे बारीक तडे, आणि ते पट्ट्याच्या काठावर येऊन एकदम थांबलेले. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर तपकिरी रंग काठावरच्या तड्यांमध्ये उतरलेला आणि त्याच्याखाली धुळीचा थर. तडे पडायला काही दशकं लागतात. म्हणजे चित्र जुनं झालं, धूळ बसली, आणि मग कोणीतरी पट्टा मारला. काडीला कापूस गुंडाळून इथेनॉलच्या मिश्रणाने कोपऱ्यात नखाएवढी जागा पुसली. रंग लगेच सुटला. अ‍ॅक्रिलिक. खाली पिवळ्या इनॅमलचा गोलाई दिलेला फराटा, काळ्या सावलीसकट. देवनागरी अक्षराचा पाय.

काकांना बोलावून दाखवलं. ते बराच वेळ भिंगातून बघत होते. मग म्हणाले, ‘हा आमच्या दुकानाच्या नावातला आहे. हे चित्र गल्ल्यामागे असायचं, खाली नाव होतं. मला वाटलं, झिजून गेलं.’ मधल्या काळात चित्र कुठे गेलं होतं का, असं विचारल्यावर कळलं की एका ठिकाणी ‘पॉलिश करायला’ दिलं होतं आणि काही महिने तिथेच होतं. पट्टा कोणी मारला ते मी सिद्ध करू शकत नाही, म्हणून अहवालात नाव कोणाचंच नाही. पण दुकानाचं नाव दिसत राहिलं असतं तर ‘चोवीसातलं एक’ म्हणायची सोयच राहिली नसती.

मध्यस्थाने शेवटी एवढंच मागितलं की ‘बॅरॉडच्या शैलीतील’ असं लिहा. मी लिहिलं ते असं: मांजरपाटावर तैलरंग आणि इनॅमल, जाहिरात-फलक, बहुधा स्थानिक पेंटरने छापील चित्रावरून केलेला, तळाशी नंतरचं रंगकाम. तो परत आला नाही.

मला राग येतो तो त्या पेंटरसाठी. त्याने निपरच्या कानाची काळपट तपकिरी छटा ओल्यावर ओला रंग ओढून, एका दमात बसवली आहे. मानेचा कल अचूक आहे. पितळी कर्ण्यावर त्याने एकच जाड, पांढरी रेघ मारली आणि कर्णा गोल झाला. अशी रेघ हात बसल्याशिवाय येत नाही. बॅरॉडने स्वतःचं चित्र गिऱ्हाइकासाठी बदललं, तो त्याचा हक्क होता, त्याचे पैसेही त्याला मिळाले. या माणसाची अक्षरं मात्र त्याला न विचारता बुजवली, आणि तीही दुसऱ्याचं नाव चिकटवता यावं म्हणून.

काका म्हणाले, ‘विकायचं राहू दे, वडिलांचं नाव उघडं करा.’ तेच काम सध्या चालू आहे. हे सावकाश करावं लागतं, कारण इथेनॉल जास्त वेळ राहिलं तर जुनं इनॅमलही मऊ पडतं. दुकानाच्या नावाचा बराच भाग आता वाचता येतो. उजव्या कोपऱ्यात बारीक ब्रशने लिहिलेली आणखी एक ओळ आहे. तिच्यातलं ‘पेंटर’ एवढं सुटलंय, पुढच्या नावावर अजून रंग आहे. ते निघालं की इथे लिहीनच. पुण्यात स्वातंत्र्याच्या आगेमागे दुकानांचे बोर्ड रंगवणाऱ्यांपैकी कोणाच्या घरच्यांकडे जुनी बिलं, फोटो किंवा अक्षरांचे नमुने असतील, तर मला ते पाहायला हवे आहेत.